ओटीपी कुणाच्या फोनवर जातो?

रविवार, रात्र

रविवारची सकाळ नातेवाइकांच्या कॉम्प्युटरची. चहा झाला, पेपर चाळून झाला की फोन सुरू होतात, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "अरे, ते चालत नाहीये." ‘ते’ म्हणजे राउटर, प्रिंटर, पीडीएफ, जीमेल, नाहीतर सगळा कॉम्प्युटरच. स्क्रीनवर काय लिहिलंय विचारलं तर उत्तर येतं, "काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं, मी बंद केलं." इथे वैतागून उपयोग नाही. फोटो पाठवायला सांगावं. स्क्रीनशॉट नको, तो शिकवण्यात पंधरा मिनिटं जातात. मोबाइलने सरळ स्क्रीनचा फोटो. तिरका आला तरी एररचा मजकूर, कोपऱ्यातली तारीख आणि वाय-फायचं चिन्ह त्यात येतं, आणि निम्मं निदान तिथेच होतं.

तारखेकडे तर आधी बघावं. जुना डेस्कटॉप असेल आणि "नेट आहे, पण एकही साइट उघडत नाही, कनेक्शन प्रायव्हेट नाही म्हणतंय" अशी तक्रार असेल, तर दोष बहुधा मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ सेलचा. रुपयाच्या नाण्याएवढा, ३ व्होल्टचा हा सेल काही वर्षांनी संपतो. मग रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि सकाळी काही वर्षं मागे जाऊन उठतो. साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, दोन तारखांच्या मध्येच वैध असतं. या कॉम्प्युटरच्या हिशेबाने ते अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. तारीख हाताने नीट केली की दिवसभर चालतं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग विंडोज नव्याने टाकून द्यायला सांगणारेही भेटतात. वायर काढायची, कडेची पट्टी दाबून जुना सेल उचलायचा, नवा अधिक चिन्ह वर ठेवून बसवायचा, तारीख लावायची. झालं.

राउटरचंही असंच एका नजरेचं काम आहे. फायबरच्या डबीवर एल-ओ-एस लिहिलेला दिवा लाल असेल तर कॉम्प्युटरला हात लावू नये; प्रकाशच येत नाहीये. शोकेसमागे दाबून ठेवलेली पिवळी बारीक वायर कुठे चिमटली आहे का ते बघावं, नाहीतर केबलवाल्याला फोन. त्या वायरीत काच असते, तिला विजेच्या वायरीसारखी घडी घालून चालत नाही.

प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसणं हा वाय-फाय प्रिंटरांचा जुना रोग. वीज जाऊन आली की राउटर प्रिंटरला नवा आयपी पत्ता देतो, आणि कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. दर वेळी प्रिंटर काढून पुन्हा जोडण्यापेक्षा राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता एकदाच राखून ठेवावा. अडकलेल्या प्रिंटसाठी विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये प्रिंटची रांग सांभाळणारा ‘प्रिंट स्पूलर’ थांबवायचा, सिस्टिम ३२ मधल्या स्पूल फोल्डरातलं प्रिंटर्स नावाचं फोल्डर रिकामं करायचं (फोल्डर उडवायचं नाही, आतल्या फायली), आणि स्पूलर पुन्हा चालू करायचा. एकच प्रिंट येत नाही म्हणून मावशीने अकरा वेळा बटण दाबलेलं असतं; स्पूलर रिकामा न करता प्रिंटर जिवंत केला तर अकराही बाहेर पडतात.

"व्हायरस आलाय, कोपऱ्यात सारखं लाल काहीतरी येतं" हे नव्वद टक्के, म्हणजे जवळजवळ नेहमीच, ब्राउझरचं नोटिफिकेशन असतं. कुठल्यातरी साइटवर ‘अलाव’ दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी उघडून अनोळखी नावं काढून टाकली की व्हायरस बरा.

यंत्राचा त्रास एवढाच. खरी रखडपट्टी सुरू होते ती "आता तुम्हाला एक ओटीपी आला असेल" या वाक्यापासून. तो आलेला नसतो. तो गेलेला असतो बंद पडलेल्या जुन्या सिमवर, किंवा मुलाच्या नंबरवर, आणि मुलगा ऑफिसात मीटिंगमध्ये. घरातली अर्धी खाती अशी दुसऱ्याच्या नंबरवर उभी असतात. जीमेल कुणीतरी २०१२ मध्ये काढून दिलं, रिकव्हरीला त्याचाच ईमेल दिला, आणि आता तो माणूस कुठे आहे ते माहीत नाही. गूगलच्या दोन पायऱ्यांच्या पडताळणीत बॅकअप कोड मिळतात, आठ-आठ अंकांचे दहा. ते छापून कपाटात विम्याच्या कागदांबरोबर ठेवायचे असतात. घरोघरी एक वही असते ज्यात पासवर्ड लिहिलेले असतात. तिला हसणारे हसोत, कपाटातली वही मोबाइलमधल्या ‘पासवर्ड’ नावाच्या नोटपेक्षा बरी. फक्त तिच्यात पासवर्डाशेजारी नंबर कुठला जोडलाय तेही लिहावं.

काही पासवर्ड तर विसरण्याजोगे नसतातच, पण कुणी सांगितलेले नसतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं, कॅपिटल, आणि पुढे जन्मसाल. इन्कम टॅक्सच्या एआयएसला, म्हणजे वर्षभराच्या माहितीच्या विवरणाला, पॅन लहान अक्षरांत, पुढे जन्मतारीख आठ अंकांत, मध्ये टिंब-रेघ काही नाही. फॅमिली ग्रुपवर हे एकदा पिन करून टाकलं की वर्षाचे निदान पाच फोन वाचतात.

लांबून मदत करायची तर विंडोजमधलंच क्विक असिस्ट पुरतं: विंडोज, कंट्रोल आणि क्यू एकदम दाबायचं. मदत करणाऱ्याला सहा अक्षरांचा कोड मिळतो, तो फोनवर सांगायचा. दहा मिनिटांत शिळा होतो. आणि त्याच फोनवर बजावायचं, की स्क्रीन दाखवायला सांगणारा फोन आपण केलेला असला पाहिजे, आलेला नव्हे. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याने कुठलंही ॲप टाकायला सांगितलं की फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन, ताबडतोब. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता आले तर येतात.

मंगळवार

डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, विषय वेगळा वाटतो, पण दुखणं तेच. घरगुती मसाले, कोकणातलं होमस्टे, काकांचा क्लास. साइट हवी म्हणून ओळखीतल्या एका मुलाला सांगितलं जातं. तो हुशार असतो, काम चोख करतो, आणि डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतो. पटकन होतं म्हणून. तीन वर्षांनी तो बेंगळुरूला नोकरीला, नंबर बदललेला, आणि नूतनीकरणाच्या सगळ्या मेल त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये. फलकावर नाव काकांचं, नोंदीत मालक तो. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, लेखी काका कुणीच नाहीत.

म्हणून डोमेन घेताना नाव पैसे देणाऱ्याचं, ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा. करून देणाऱ्याने शेजारी बसावं. आणि खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडलं की त्यावरची मेलही बंद, आणि पासवर्ड बदलायची लिंक नेमकी त्याच मेलवर येते. घराची किल्ली घरात ठेवून लॅच ओढून घेण्याचा प्रकार.

डोमेन घेतल्यावर खातरजमेची एक मेल येते. डॉट कॉमसारख्या नावांना आयकॅनच्या (जगभरच्या डोमेनांचे नियम ठरवणारी संस्था) नियमाने तिला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर चालती साइट थांबवली जाते. ही मेल हमखास स्पॅममध्ये सापडते. गंमत अशी, की त्याच सुमारास "तुमच्या डोमेनची सर्च इंजिन नोंदणी संपतेय, इतके डॉलर भरा" अशी बिलासारखी दिसणारी मेलही येते, आणि काका खरी सोडून हिलाच घाबरतात. अशी नोंदणी नावाची गोष्टच नसते. पैसे ज्या रजिस्ट्रारकडे भरले त्याच्या साइटवर स्वतः पत्ता टाइप करून जायचं, मेलमधून नाही.

मुदत संपली की नाव लगेच जात नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. डॉट कॉमला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी, आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशा आठवणी पाठवणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. त्यानंतर सवलतीचे दिवस, जे रजिस्ट्रार ठरवतो आणि फार तर ४५ असतात. त्यांत बहुधा नेहमीच्याच दराने नूतनीकरण होतं. मग ३० दिवसांचा ‘रिडेम्प्शन’, इथे नाव सोडवायला दणदणीत दंड. शेवटी ‘पेंडिंग डिलीट’चे ५ दिवस, तेव्हा कुणाचंच काही चालत नाही, आणि मग नाव बाजारात. पण सवलतीच्या दिवसांवर विसंबू नये, चांगलं नाव रजिस्ट्रार त्याच काळात लिलावातही काढू शकतो. आपलं डोमेन कुठल्या पायरीवर आहे ते आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकलं की दिसतं.

"ऑटो-रिन्यू चालू आहे" या भरवशावरही राहू नये. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी रीतसर मंजुरी लागते आणि कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना. परदेशी रजिस्ट्रारकडे ही सोय नसली तर व्यवहार नुसताच नाकारला जातो. कार्डाची मुदत संपलेली असणं हे तर आहेच. एकदम पाच वर्षांचे पैसे भरावेत. जास्तीत जास्त १० वर्षांचे भरता येतात. भरण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर बघावा. पहिल्या वर्षाचा दर हा ग्राहक आत ओढायचा दर असतो, आणि वर १८ टक्के जीएसटी.

नाव निवडताना एकच परीक्षा: फोनवर आत्याला सांगायचं आणि तिला टाइप करायला लावायचं. ‘वाडी’ला व्ही की डब्ल्यू, ए एक की दोन, ‘श्रद्धा’त डी किती, मधली आडवी रेघ आहे की नाही, शेवटी नुसतं डॉट इन की डॉट को डॉट इन. दोनदा विचारावं लागलं तर नाव बदला. देवनागरी नावाची सोयही आहे. डॉट भारत २०१४ पासून मिळतं, डॉट इन सांभाळणाऱ्या निक्सीकडेच त्याचाही कारभार आहे. दिसायला देखणं. पण तिथेही ‘पाटील’ दीर्घ आणि ‘पाटिल’ ऱ्हस्व ही दोन वेगळी नावं, आणि पडद्यामागे ते एक्स-एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या गिचमिडीत बदलतं. कुठे कुठे पत्ता पेस्ट केला की तीच गिचमिड दिसते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, फसवणूक आहे.

गुरुवार, उशिरा

साइट नव्या होस्टिंगवर नेली आणि मेल बंद पडली, हा हमखास घडणारा अपघात. नाव, साइट ठेवायची जागा आणि टपाल या तीन निराळ्या गोष्टी आहेत, तीन निराळ्या ठिकाणी असू शकतात. नेमसर्व्हर, म्हणजे हे पत्ते सांगणारा सर्व्हर, बदलला की साइटचा आणि टपालाचा पत्ता नव्या ठिकाणाहून सांगितला जातो, आणि नव्या ठिकाणी टपाल कुठे पोचवायचं ते सांगणारी एमएक्स नोंद कुणी केलेलीच नसते. फक्त साइट हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हात न लावता साइटचा पत्ता सांगणारी ए नोंद तेवढी बदलावी. नेमसर्व्हर बदलायचाच असेल तर आधी जुन्या ठिकाणच्या नोंदींच्या पानाचा फोटो काढावा: ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी, सगळ्या ओळी. आदल्या दिवशी ए आणि एमएक्सची टीटीएल (नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणावी, म्हणजे काही चुकलं तर पाच मिनिटांत मागे फिरता येतं. नेमसर्व्हरचं तसं नाही. डॉट कॉमच्या मुळाशी ती टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे पुरते दोन दिवस, आणि ती आपल्या हातात नसते. म्हणूनच काकांच्या फोनवर नवी साइट आणि काकूंच्या फोनवर जुनी, असं दोन दिवस चालतं.

मेल जाते पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडते, तेव्हा एसपीएफ बघावा, म्हणजे या डोमेनची मेल कुणी पाठवायची ते सांगणारी नोंद. तो एका डोमेनला एकच असतो. जुन्या होस्टिंगचा एक आणि गूगलचा एक अशा दोन ओळी ठेवल्या तर दोन्ही बाद होतात. एकाच ओळीत दोघांना ‘इन्क्लूड’ करायचं.

आणि हे सगळं कुठे लिहून ठेवायचं, तर त्याच वहीत, एका पानावर: रजिस्ट्रार कोण, खात्याचा ईमेल, मोबाइल कुणाचा, होस्टिंग कुठे, मेल कुठे. मुदतीची तारीख मात्र वहीत नको, वही कुणी रोज उघडत नाही. ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, महिनाभर आधीच्या चौकोनात. डिसेंबरात नवं कॅलेंडर आलं की गॅस सिलिंडरची तारीख उतरवताना तीही उतरवायची.