तुम्ही विचारलंत म्हणून: घरी काडतुसं भरणं परवडतं का?

मी टेक्ससमध्ये राहते, रायफल शूटिंगचा नाद आहे आणि गॅरेजमधल्या टेबलाला एक प्रेस, म्हणजे हँडलने दाब देणारं यंत्र, ठोकून ठेवलाय ज्यावर मी माझी काडतुसं स्वतः भरते. हे कळलं की रेंजवर शेजारच्या लेनमधला असो नाहीतर मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या लाइनीत भेटलेला कोणी असो, पुढचा प्रश्न ठरलेला, "मग बरंच स्वस्त पडत असेल ना?"

तर ९ एमएमसाठी, म्हणजे पिस्तुलाच्या साध्या काडतुसासाठी, नाही, .३०८ साठी, म्हणजे रायफलच्या मोठ्या काडतुसासाठी, हो, आणि दोन्हीकडे तुमच्या तासाचा हिशेब धरल्याशिवाय उत्तराला काही अर्थ नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काडतुसात चार गोष्टी असतात, पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर म्हणजे ठोका बसला की पेटणारी टिकली, आत पावडर आणि तोंडावर गोळी. बार उडाला की प्रायमर, पावडर, गोळी तिन्ही गेलं, पण पुंगळी राहते, आणि चारांतली बऱ्यापैकी महाग चीज तीच. मग ती साफ करायची, डायमधून, म्हणजे साच्यातून, दाबून परत मापात आणायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, पावडर भरायची, गोळी बसवायची, झालं रिलोडिंग.

आता हिशेब, भाव साधारण हल्लीचे धरून. साधं ९ एमएम दुकानात पंचवीस सेंटच्या आसपास पडतं. घरी गोळीचे नऊ-दहा, प्रायमरचे सात-आठ, पावडरचे तीन, पुंगळी फुकट, म्हणजे वीस सेंट. वाचले किती तर पाच. प्रेस, डाय, वजनकाटा, कॅलिपर वगैरे साधा सेट जमवायला चारशे डॉलर सहज जातात, म्हणजे आठ हजार काडतुसं भरेपर्यंत तुम्ही फक्त सामानाचे पैसे फेडताय. आणि साध्या सिंगल स्टेज प्रेसवर, जिथे एका वेळी एकच काम होतं, तासाला साठ-सत्तर काडतुसं निघतात. गुणाकार करा, ताशी तीन डॉलर. इतक्या कमी मजुरीवर तुम्ही दुसऱ्या कोणाकडे काम केलं असतंत का?

.३०८ चं चित्र वेगळं. लांब पल्ल्याचं मॅच ग्रेड, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचं, काडतूस पावणेदोन-दोन डॉलरला एक. घरी चांगली गोळी पन्नास सेंट, पावडर तीस, प्रायमर आठ, आणि लापुआ कंपनीसारखी भारी पुंगळी डॉलरभराची असली तरी दहाएक वेळा वापरली जाते, म्हणून तिचे दहा सेंट. एक डॉलरच्या आत काम होतं. तेच चारशे डॉलर इथे पाचशे काडतुसांत वसूल. .४५-७० किंवा .४४ मॅग्नमसारखं दुकानात महाग मिळणारं दुसरं काही काडतूस वापरत असाल तर साधारण असाच फायदा.

यावर कोणीतरी म्हणतंच की डिलन कंपनीचा प्रोग्रेसिव्ह प्रेस घे, त्यात सगळी कामं एकदम होतात, हँडल मारलं की एक तयार, तासाला चार-पाचशे. बरोबर आहे, पण तो सगळ्या ॲक्सेसरीजसकट हजार डॉलरच्या पुढे जातो आणि आठवड्याला शेकड्यांनी गोळ्या झाडणाऱ्या मॅच शूटरसाठी बनलाय. महिन्यातून एकदा रेंजवर जाऊन पन्नासचा एक डबा संपवणाऱ्याला तो कशाला हवा?

आणि खरं सांगायचं तर पैसे वाचतच नाहीत, .३०८ मध्ये सुद्धा नाहीत, कारण काडतूस अर्ध्या किमतीत पडायला लागलं की माणूस दुप्पट झाडतो, मग वाटतं एखादी अजून चांगली डाय घ्यावी, मग इलेक्ट्रॉनिक काटा, मग पुंगळ्या ॲनील करायचं, म्हणजे तापवून पितळ मऊ करायचं, मशीन. माझा महिन्याचा खर्च रिलोडिंगने कमी झालेला नाही. सराव मात्र वाढला, आणि माझ्या रायफलला नेमकं काय आवडतं ते सापडलं. एकाच मेकची एकाच मॉडेलची दोन बॅरल्स सुद्धा वेगवेगळ्या गोळ्यांवर खूश होतात, फॅक्टरी काडतुसात तुम्हाला मिळेल ते घ्यावं लागतं, घरी पावडर किती आणि गोळी किती आत बसवायची ते थोडं थोडं बदलून बघता येतं. शंभर यार्डांवर फरक किरकोळ, सहाशेच्या पुढे मात्र निशाणाची स्टीलची प्लेट वाजते की नाही ते यावर ठरतं.

२०२०-२१ मध्ये इथे काडतुसांची दुकानं रिकामी झाली तेव्हा रिलोडिंगवाले मजेत होते असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. प्रायमर घरी बनत नाही, आणि तेव्हा सगळ्यात आधी गायब झाले ते प्रायमरच. आधी तीन-चार सेंटला मिळणारा प्रायमर लोक दहा-पंधरा सेंट देऊन घेत होते. ज्यांच्या कपाटात साठा होता ते मजेत होते, प्रेस असणं-नसणं गौण होतं. शिवाय प्रायमर आणि पावडर ऑनलाइन मागवली की हॅझमॅट फी, म्हणजे धोकादायक माल पाठवायचा आकार, वेगळी, ती हिशेबात कोणी धरतच नाही.

नेमबाज स्वप्नील कुसाळेला २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला ब्राँझ मिळाल्यापासून तर घरचे पण विचारतात की तो पण असंच भरतो का. नाही. त्याची इव्हेंट पॉइंट टू-टूची (.२२ कॅलिबर, छोटं काडतूस), तिचं काडतूस रिमफायर, म्हणजे बार उडवणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो आणि पिनने तो काठ चेपला की पुंगळी कामातून गेली. ते लोक वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे फॅक्टरीत एका वेळी बनलेल्या वेगवेगळ्या खेपांची, काडतुसं आपल्या रायफलमधून झाडून बघतात आणि जो लॉट जमला तो घेऊन ठेवतात.

आता आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट जी रेंजवर कोणी सांगत नाही. तुम्ही एच-वन-बी, एल-वन (नोकरीचे) किंवा एफ-वन (शिक्षणाच्या) व्हिसावर असाल तर अमेरिकन फेडरल कायद्याने बंदूक किंवा ॲम्युनिशन बाळगायला बंदी आहे, हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडून. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ॲम्युनिशन म्हणजे नुसतं तयार काडतूस नाही, रिकामी पुंगळी, प्रायमर, गोळी, पावडर सगळंच आलं. तेव्हा ग्रीन कार्ड येईपर्यंत प्रेस घेऊ नका, आणि अपवादात बसतो असं वाटत असेल तर आधी वकिलाला विचारा. स्वतःसाठी भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायचा धंदा करायला लागतं. भारतात काय, असं पुण्याहून भाचा विचारतो, तो राहतो खडकीत, जिथे १८६९ पासून ॲम्युनिशन फॅक्टरी आहे, त्यामुळे त्याला यात भारी रस. तिथे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा आर्म्स ॲक्टखाली सरळ गुन्हा आहे. बॅगेत विसरलेल्या एका काडतुसावरून एअरपोर्टवर गुन्हा नोंदवल्याच्या बातम्या येतात, म्हणून मी भारतात जायच्या आधी बॅगांचे सगळे कप्पे उलटे करून झटकते.

धोक्याचं पण विचारतात. पावडर घालायची राहिली तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी बॅरलमध्ये अडकते आणि मागून दुसरी झाडली की बॅरल फुटू शकतं, आणि चुकून दोनदा घातली तर बंदूकच हातात फुटते. म्हणून मी पन्नास पुंगळ्या लाकडी ब्लॉकमध्ये उभ्या करते, पावडर घालून झाली की टॉर्च मारून एकेकीत वाकून बघते, सगळीकडे पातळी सारखी दिसली तरच पुढे. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत, टेबलावर पावडरचा एकच डबा, आणि माप फक्त छापील मॅन्युअलमधलं, नेटवर कोणी टाकलेलं नाही. पुंगळ्या टंबलरमधून, म्हणजे घासून साफ करणाऱ्या यंत्रातून, पितांबरी लावलेल्या तांब्यासारख्या चकचकीत निघतात, बघायला फार छान वाटतं, पण त्या धुळीत प्रायमरमधलं शिसं असतं, त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात नाही, लहान मुलं आसपास नकोत, आणि नंतर हात साबणाने धुवायचे. बंदूक कंपन्यांची वॉरंटी पण रिलोड केलेल्या काडतुसांना सहसा लागू होत नाही, आणि काही रेंजवर ती चालतच नाहीत, आधी विचारून घ्या.

एवढं ऐकून सुद्धा करायचंच असेल तर आधी मॅन्युअल विकत घ्या, प्रेस नंतर. एकाच कॅलिबरने सुरू करा, तेही महागातल्या. संध्याकाळी दोन तास एकट्याने बसून तेच तेच काम करायला आवडत नसेल तर सोडून द्या, मला आवडतं म्हणून माझं चालतं. पितळेच्या पुंगळ्या मात्र रेंजची हरकत नसेल तर आजपासून उचलायला लागा, कारण रिलोडिंग नाही केलंत तरी त्या विकत घेणारं कोणीतरी भेटतंच.