टोकाला पीळ पडलेला मंदायन वक्र

टोरॉइडल (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरच्या कोअरची एक बॅच चाचणीला आली होती. तक्रार एकच: नो-लोड करंट (सेकंडरीवर भार नसतानाही ओढला जाणारा करंट) जास्त. म्हणून मंदायन वक्र (हिस्टेरिसिस लूप) स्कोपवर पाहायचा ठरला. सीआरजीओ (कणांची दिशा जुळवलेलं, थंड लाटलेलं सिलिकॉन पोलाद) पट्टी गुंडाळून केलेली रिंग, बाहेरचा व्यास ८० मिमी, आतला ५०, उंची २५. म्हणजे चुंबकीय मार्ग सरासरी ०.२०४ मीटर, आणि स्टॅकिंग फॅक्टर (छेदातला प्रत्यक्ष पोलादाचा वाटा) ०.९५ धरला तर पोलादाचा छेद ३५६ चौरस मिमी. प्रायमरी १०० वेढे, सेकंडरी ५०. १.५ टेस्लाला प्रायमरीवर जेमतेम १२ व्होल्ट लागतात, म्हणून शंट (करंट मोजायला मालिकेत घातलेला रोध) १ ओहमचाच ठेवला. मोठा घातला की त्यावरच्या ड्रॉपमुळे फ्लक्स साइन राहत नाही. व्हेरिॲकच्या (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) पुढे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. व्हेरिॲक मेन्सपासून वेगळा नसतो आणि स्कोपची ग्राउंड क्लिप थेट अर्थला जाते.

शंट स्कोपच्या एक्स चॅनेलला (करंटवरून चुंबकीय क्षेत्र, एच), सेकंडरी आरसी इंटिग्रेटरमधून (रोध-कपॅसिटरची जोडी, व्होल्टेजवरून फ्लक्स घनता, बी) वायला. पडद्यावर वक्र उमटला तो दोन्ही टोकांना पीळ पडलेला. तिथे रेषा एकमेकींना छेदून उलट्या फिरत होत्या. उलट फिरणारा भाग म्हणजे कोअरच ऊर्जा परत देतोय असं झालं, तेव्हा दोष मापनातच असणार. इंटिग्रेटरमध्ये १०० किलोओहमबरोबर ०.१ मायक्रोफॅरड निघाला. ५० हर्ट्झला तो ९० अंशांऐवजी साधारण ७२ अंशच मागे पडतो. १ मायक्रोफॅरड लावल्यावर ८८ अंश झाले आणि पीळ सुटला. आता १.५ टेस्लाला कपॅसिटरवर ०.२७ व्होल्ट शिखर मिळत होतं. १० मायक्रोफॅरडने फेज आणखी सुधारते, पण सिग्नल २७ मिलिव्होल्टवर येऊन गोंगाटात बुडतो. दोन्ही चॅनेल डीसी कपलिंगवर ठेवावेत, नाहीतर एसी कपलिंगची फेज-चूक वर आणखी चढते.

या चुकीचा खरा धोका वेगळाच होता. फेज अशी सरकली की वक्राचं क्षेत्रफळ, म्हणजे दर आवर्तनाला वाया जाणारी ऊर्जा, घटतं. पीळ कुणी दुर्लक्षिला असता, तर सदोष कोअर कमी लॉसचा म्हणून पास झाला असता.

वाइंडिंगचा रोध डीसीने नुकताच मोजला होता, त्यामुळे कोअरमध्ये अवशिष्ट चुंबकत्व होतं. व्हेरिॲक संपृक्ततेपर्यंत चढवून सावकाश शून्यावर आणला आणि मग वाचन घेतलं. बी शून्य होताना एच ३८ अँपिअर प्रति मीटर. वक्राचं क्षेत्रफळ २३० जूल प्रति घनमीटर. त्याला ५० ने गुणून ७६५० घनतेने भागलं की १.५ वॅट प्रति किलो. यात एडी करंटचा (पोलादात फिरणाऱ्या भोवरी प्रवाहांचा) वाटाही आला, कारण हा ५० हर्ट्झचा वक्र आहे, स्थिर वक्र नव्हे. तरीही या जातीच्या पट्टीला हा आकडा फार.

वायर उकलून बाहेरच्या वेढ्याचा स्पॉट वेल्ड कापला. पट्टी ताडकन सरळ झाली! ॲनिल झालेली (तापवून, सावकाश थंड करून ताण काढलेली) पट्टी गोलाई धरून बसते. हिच्यात गुंडाळतानाचा ताण जसाच्या तसा होता, आणि सीआरजीओला ताण अजिबात सोसत नाही.

बॅचमधला दुसरा कोअर नायट्रोजनमध्ये ८०० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवला आणि भट्टीतच थंड होऊ दिला. मग प्रेसपानच्या (विद्युतरोधक पुठ्ठ्याच्या) कपात बसवून, वायरचा ताण कोअरवर येणार नाही अशा बेताने वाइंडिंग केलं. त्याच सर्किटवर वाचन आलं २४ अँपिअर प्रति मीटर, ०.९५ वॅट प्रति किलो.