आमची वाटचाल : रेक्टिफायर दुरुस्तीपासून शंटपर्यंत

भोसरी एमआयडीसीत आम्ही सुरुवात केली ती प्लेटिंगवाल्यांचे रेक्टिफायर (एसीचा डीसी करंट करणारी यंत्रं) दुरुस्त करण्यापासून. निकेल-क्रोमच्या टाकीत थर किती बसणार, हे करंट आणि वेळ यांवर ठरतं. अँमीटर चुकला की माल परत येतो. मीटर बदलूनही आकडा हलतो, अशी तक्रार घेऊन लोक यायचे. बऱ्याचदा मीटर ठीक निघायचा. दोष शंटचा किंवा त्याच्या वायरिंगचा असायचा. शंट म्हणजे करंटच्या वाटेत बसवलेली अगदी कमी रोधाची पट्टी; तिच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजून मीटर करंट दाखवतो. तेव्हा शंट आपणच बनवायचे असं ठरवलं.

५०० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टच्या (म्हणजे पूर्ण ५०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणाऱ्या) शंटचा रोध असतो फक्त ०.१५ मिलिओहम. तिथे बोल्टखालचा जोडही मोजमापात शिरतो. म्हणून पितळी ठोकळ्यांवर करंटचे मोठे बोल्ट वेगळे आणि मीटरचे छोटे स्क्रू वेगळे. मीटरची वायर मोठ्या बोल्टखाली दाबलेली दिसली की आम्ही आधी ती काढायला लावतो.

पट्टी मँगनिनचीच घेतो : तांबं, सुमारे १२ टक्के मँगनीज आणि थोडं निकेल. तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. कॉन्स्टंटन या तांबं-निकेलच्या मिश्रधातूचाही बदलत नाही, पण तांब्याशी जोडल्यावर दोन टोकांच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट तयार होतात. कमी करंटवर हे फार महागात पडतं.

खरं कसब शेवटच्या जुळणीत. पट्टी मुद्दाम किंचित रुंद ठेवतो, प्रमाणित शंटबरोबर सिरीजमध्ये जोडून दोन्हींतून तोच करंट सोडतो आणि कडेला कानस मारत मिलिव्होल्ट हळूहळू वर आणतो. हात जास्त पडला तर वाढलेला रोध कमी करता येत नाही. शिवाय घासलेली पट्टी निवल्याशिवाय रीडिंग घ्यायचं नाही. हे काम करणाऱ्या आमच्या माणसांचा मला मनापासून अभिमान वाटतो.

निवडताना सतत चालणारा करंट बघा. ५०० च्या शंटवर पूर्ण ५०० अँपिअर चालले तर ३७.५ वॅट उष्णता होते. सततचा भार रेटिंगच्या दोन-तृतीयांशात ठेवा. ३५० अँपिअर कायम चालणार असतील तर ६०० चा शंट घ्या. बसवताना पट्ट्या उभ्या ठेवा, म्हणजे हवा खालून वर खेळते.

हल्ली बॅटरी आणि सोलरची कामं वाढली आहेत. तिथे आमचा पहिला प्रश्न असतो : शंट निगेटिव्हला की पॉझिटिव्हला? पॉझिटिव्हला असेल तर मीटरच्या वायरीही पूर्ण व्होल्टेजवर असतात. अशा वेळी आयसोलेटेड मीटर (ज्याची मोजणारी बाजू त्याच्या सप्लायपासून विद्युतदृष्ट्या वेगळी असते) लागतो आणि दोन्ही वायरींना शंटपाशीच फ्यूज द्यावे लागतात.