अल्बम काळपट का येतो: मॉनिटरचा उजेड आधी, रंग नंतर

लग्नसराईत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या स्टुडिओंमधून एकच तक्रार ऐकू येते. स्क्रीनवर फोटो झकास होता, करिज्माची (छापील लग्न-अल्बमची) शीट मात्र काळवंडून आली. दोष लॅबच्या माथी जातो. पण लॅबला मिळते ती फक्त फाइल, मॉनिटर आपल्याच टेबलावर राहतो. मॉनिटर गरजेपेक्षा दुप्पट-तिप्पट उजळ असेल तर आपण नकळत फोटो खाली ओढतो, म्हणजे गडद करतो, आणि तो ओढलेला फोटोच छापला जातो. मॉनिटर निळसर असेल तर आपण पिवळा वाढवतो, मग हळदीच्या फोटोत नवरीच्या गालावरची हळद आणि कातडी यांतला फरकच उरत नाही.

म्हणून स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र विकत घेण्याआधी उजेड मोजा. त्यासाठी लागणारं मीटर प्रत्येक फोटोग्राफरच्या गळ्यातच असतं. स्क्रीन पूर्ण पांढरी करा, कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/४. लेन्स मुद्दाम आउट ऑफ फोकस ठेवा, नाहीतर पिक्सेलची जाळी नडते. फ्रेममध्ये फक्त पांढरं दिसू द्या आणि मीटरची खूण शून्यावर येईपर्यंत शटर फिरवा. १/५० ला शून्य आलं तर स्क्रीन साधारण १०० कँडेलावर (दर चौरस मीटरला, हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आहे. १/१२५ ला आलं तर २५०, आणि बरेचसे नवे मॉनिटर खोक्यातून निघतात ते त्याच घरात. छपाईच्या कामाला ८० ते १२० पुरेत. एसआरजीबी, म्हणजे बहुतेक स्क्रीन आणि लॅब वापरतात त्या रंगपट्ट्याच्या मूळ मानकातही स्क्रीनचा उजेड ८० धरलेला आहे. पहिल्या दिवशी स्क्रीन अंधारी वाटेल, डोळा सरावतो. हे माप अंदाजाचं असलं तरी निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं माझं ठाम मत आहे.

उजेड खाली आणला की खोलीही खाली आणावी लागते. दुपारी खिडकीतून ऊन आणि रात्री डोक्यावर पिवळा बल्ब, अशा खोलीत कुठलंही कॅलिब्रेशन (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणं) टिकत नाही. जाड पडदा, ५००० ते ६५०० केल्विनचा एक दिवा, मागची भिंत राखाडी किंवा फिकी. भडक शर्टाचं प्रतिबिंबही स्क्रीनवर पडतं.

आता कलरीमीटर, म्हणजे स्क्रीनवर टेकवून रंग मोजणारं यंत्र. स्पायडर किंवा कॅलिब्राइट, कुठलाही चालेल. त्यासोबत आर्गिल या फुकट रंगमापन प्रोग्रॅमवर चालणारं डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. मॉनिटर निदान अर्धा तास चालू राहू द्या. मध्येच लाइट गेली तर पुन्हा तेवढाच वेळ थांबा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, ऑटो ब्राइटनेस, विंडोजचं नाईट लाइट आणि एचडीआर, सगळं बंद. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच ठेवा, कारण बॅटरीवर काही लॅपटॉप चित्र बघून उजेड आपोआप कमी-जास्त करतात. लक्ष्य ठेवा: पांढरा ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात तो आकडा) २.२, उजेड १०० कँडेला.

मॉनिटरच्या मेनूत कलर मोड ‘युजर’ किंवा ‘कस्टम’ करा. लाल-हिरवा-निळा गेन (प्रत्येक रंगाचा जोर) तिथेच उघडतो, एसआरजीबी मोडमध्ये तो बहुधा कुलूपबंद असतो. जो रंग जास्त आहे तो कमी करायचा, कमी असलेला वाढवायचा नाही. बहुतेक वेळा निळाच खाली आणावा लागतो. कॉन्ट्रास्टला हात लावू नका. तो वाढवला की सगळ्यात उजळ छटा एकमेकींत मिसळतात आणि नवऱ्याच्या पांढऱ्या फेट्याच्या घड्या नाहीशा होतात.

मोजणी सुरू करण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये पॅनेलचा प्रकार बरोबर निवडा. साध्या एलईडी पॅनेलसाठी वेगळी दुरुस्ती असते, वाइड गॅमटसाठी (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणाऱ्या पॅनेलसाठी) वेगळी. इथे चुकलं की यंत्र चांगलं असूनही पांढरा गुलाबी किंवा हिरवट येतो.

एचडीएमआयवर एक खोड हमखास भेटते. ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ पाठवतं आणि काळा रंग धुरकट होतो. ड्रायव्हरमध्ये आउटपुट रेंज ‘फुल’ करा, मगच मोजा.

मोजणीतून प्रोफाइल, म्हणजे स्क्रीन रंग कसे दाखवते याची फाइल, बनलं की ते विंडोजकडे द्यायचं, फोटोशॉपच्या वर्किंग स्पेसमध्ये (फोटो ज्या रंगपट्ट्यात संपादित होतो त्यात) नाही. ही चूक बऱ्याच जणांकडून होते. तिथे मॉनिटरचं प्रोफाइल घातलं की फोटोशॉपला फाइलचे आकडे आणि स्क्रीनचे आकडे एकच वाटतात, दुरुस्ती होतच नाही. वर्किंग स्पेस एसआरजीबी, आणि सेव्ह करताना प्रोफाइल एम्बेड. काम रोजचं असेल तर महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. पावसाळ्यात कलरीमीटर सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात ठेवा.

कॅलिब्रेशन नीट झालं तरी साडीचा रंग अडतोच. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातल्या मागांवरची लाल साडी घ्या किंवा नवरीचा शालू. असे गडद रंग एसआरजीबीच्या काठावर किंवा बाहेर पडतात. रॉ फाइल अ‍ॅडोब आरजीबी या मोठ्या रंगपट्ट्यात उघडून वाइड गॅमट मॉनिटरवर पाहिली तर पदराच्या चुण्या दिसतात. एसआरजीबीत बदलताच लाल चॅनल २५५ ला टेकतो आणि पदर सपाट पत्र्यासारखा होतो. म्हणून सॉफ्ट प्रूफ (छापून किंवा दुसऱ्या रंगपट्ट्यात फोटो कसा दिसेल ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू ठेवून हिस्टोग्राममध्ये फक्त लाल चॅनल बघा. उजव्या भिंतीला चिकटला असेल तर पूर्ण फोटोचं सॅच्युरेशन न छेडता लालचंच ५ ते १० ने उतरवा, चुण्या परत येतात. हिरव्या चुड्यालाही हेच, फक्त तिथे लाल चॅनल डाव्या भिंतीला, म्हणजे शून्याला, चिकटतो का ते बघायचं आणि हिरव्याचंच सॅच्युरेशन उतरवायचं.

लॅबकडे त्यांच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची फाइल) मागा. मिळालं तर सॉफ्ट प्रूफ त्यावरच करा. नाही मिळालं तर १२ बाय ३६ ची शीट पाठवण्याआधी ८ बाय १२ ची एक प्रिंट मागवा: एका बाजूला नवरीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी पट्ट्या. ती प्रिंट खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, स्क्रीनपासून दूर धरून बघा. पट्ट्या राखाडीच दिसल्या आणि चेहरा मात्र काळपट आला, तर रंगाला हात लावू नका. कॅमेरा पुन्हा १/५० वर लावा.