पिशवीतल्या चार फायली

"मॅडम, तुम्ही लोक एकमेकांशी बोलत नाही का?"

गोव्यातल्या वाळपईहून सकाळची बस धरून आलेली आई, मांडीवर अडीच वर्षांचा मुलगा, पिशवीत चार फायली. कानाची तपासणी एकीकडे, फिजिओ दुसरीकडे, स्पीच थेरपी तिसरीकडे आणि सगळीकडे पहिला प्रश्न तोच, जन्मल्यावर बाळ लगेच रडलं का? चौथ्यांदा मला सांगताना ती त्याच्या सॅन्डलचा वेल्क्रो नुसता उघडबंद करत राहिली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, तपासणीपासून थेरपीपर्यंत सगळं जोडलेलं असावं म्हणूनच. पहिल्या तीन वर्षांत मेंदू किती झपाट्याने घडतो, आणि त्यातले महिने आपण तारखा जुळवण्यात घालवतो, जीव तुटतो खरंच.

संध्याकाळी बसून चारांची एक फाईल केली, जन्माची माहिती पहिल्याच पानावर. दोन थेरपी एकाच दिवशी मागून घेतल्या, तिची एक फेरी वाचली.

पहिलं पान वाचतील ना सगळे?