संडासचं ॲसिड आणि माझी गारगोटी

ॲसिड विकणाऱ्या दुकानदाराच्या नोंदवहीत ‘कारण’ असा एक रकाना होता. माझ्या वरच्या सगळ्या ओळींत ‘संडास’ लिहिलेलं. मी म्हटलं, ‘मला दगड धुवायचाय.’ काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आधार कार्डावरचं नाव-पत्ता उतरवला आणि रकान्यात ‘संडास’च लिहिलं. ॲसिड हल्ल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सुट्या विक्रीवर निर्बंध घातले, तेव्हापासून ओळखपत्र, पत्ता, कारण हे सगळं नोंदवावं लागतं आणि अठराच्या आतल्यांना ॲसिड मिळत नाही. कारण खोटं लिहिलं गेलं म्हणून मला जरा चुटपुट लागली, पण माझ्या मागे रांग होती.

दगड सिन्नरकडचा. विहिरीच्या खोदाईतून निघालेल्या ढिगातून एका ओळखीच्याने आणून दिला होता. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात लाव्हा थंड होताना वाफेच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत स्फटिक वाढले. ह्या दगडातही तशी मुठीएवढी पोकळी होती. आत फिकट जांभळ्या गारगोटीचे दाणे, त्यावर कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचा मळकट थर, आणि एका कडेला पांढऱ्या सुयांचा झुबका. कॅल्साइट काढला की खालची गारगोटी उजळेल, एवढाच बेत होता. कॅल्साइट हायड्रोक्लोरिक ॲसिडात फसफसून विरघळतो आणि गारगोटीला त्याने काही होत नाही, हे बारावीपर्यंतच्या ज्ञानावर मला पक्कं ठाऊक होतं. सुयांबद्दल मात्र काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही तेव्हा सुचलं नाही.

भीती होती ती भाजण्याची. म्हणून रबरी हातमोजे, गॉगल, जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, शेजारी पाण्याची बादली आणि खाण्याच्या सोड्याचा पुडा. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, धार बारीक ठेवून. उलटं कधीच नाही. एक भाग ॲसिडला चार भाग पाणी, प्लास्टिकच्या टबात, आमच्या गॅलरीत. गॅलरीची फरशी शहाबादी आहे. टबात ओतताना दोन थेंब खाली पडले आणि फरशीच फसफसली. शहाबादी म्हणजे चुनखडीच की! ते दोन पांढरट डाग अजून आहेत आणि पाहुण्यांना दाखवले जातात.

टबावर झाकण ठेवलं नाही, ही पहिली चूक. वास उघड्यावर निघून जाईल असा माझा हिशेब होता. वास गेला, पण आधी मुलाच्या सायकलच्या साखळीवर आणि ग्रिलच्या स्क्रूवर बसून गेला. चौथ्या दिवशी साखळी तांबडी झाली होती. बायको म्हणाली, ‘हे साखळीवर बसतं, तर आपल्या छातीत काय जातंय?’ ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी घट्ट झाकणाचा डबा आणला.

दुसरी चूक होता होता राहिली. वापरलेलं ॲसिड मोरीत ओतायला निघालो होतो. त्याच सकाळी आईने मोरीत ब्लीचिंग पावडर टाकली होती. ती दारातूनच ओरडली, ‘अरे थांब, पावडर आहे तिथे!’ तिला रसायनशास्त्र येत नाही. दोन्ही एकत्र केलं की डोळे झोंबतात आणि श्वास कोंडतो, हे तिला अनुभवाने माहीत आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन सुटतो. त्यानंतर ॲसिड आधी सोडा टाकून मारायचं, फेस येणं पूर्ण थांबेपर्यंत, आणि मगच भरपूर पाण्याबरोबर सोडायचं, असा घरात नियम झाला.

आता दगडाचं काय झालं ते. कॅल्साइट गेला. बोअरच्या पाण्याने खळखळून धुतला, वाळवला, आणि बघतो तर गारगोटीच्या खाचाखाचांत गंज चढलेला. जांभळ्यावर तांबूस. शिवाय सुयांच्या झुबक्याच्या जागी खळीसारखा बुळबुळीत गोळा.

ओळखीच्या एका निवृत्त भूगर्भशास्त्राच्या सरांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, ‘अरे, त्या सुया म्हणजे स्कोलेसाइट नावाचं खनिज होतं. ॲसिडात त्याची जेलीच होते. आधी एक सुई मोडून थेंबात टाकून बघायचीस ना!’ आणि गंजाबद्दल एवढंच विचारलं, ‘ॲसिडाचा रंग कसला होता?’

पिवळा. मला वाटलं होतं ॲसिड पिवळंच असतं. शुद्ध हायड्रोक्लोरिक पाण्यासारखं असतं. बाजारच्या ॲसिडाला पिवळेपणा येतो तो बहुतेक त्यात उतरलेल्या लोखंडामुळे. जोवर ॲसिड तीव्र आहे तोवर ते लोखंड विरघळून राहतं. कॅल्साइटने ॲसिड खाल्लं, वरून मी बोअरचं चुना असलेलं जड पाणी ओतलं, आंबटपणा उतरला आणि लोखंड खाचांमध्ये गंज होऊन बसलं. म्हणजे डाग मीच विकत आणला होता, आधार कार्ड दाखवून.

खात्री करायची म्हणून कपभर पाण्यात थोडं पिवळं ॲसिड घालून सोडा टाकत गेलो. फेस बसल्यावर तळाशी तांबूस साका दिसला. त्यात कोरा चहा ओतला तर शाईसारखं काळंनिळं झालं. चहातलं टॅनिन आणि लोखंड, जुन्या शाईचीच कृती. (तो कप नंतर फेकून दिला.) मग लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून एलआर (लॅबोरेटरी रीएजंट, म्हणजे प्रयोगशाळेत वापरतात त्या) प्रतीच्या हायड्रोक्लोरिकची अर्धा लिटरची बाटली आणली. तिथेही नोंदवही, पण रकान्यात मी सांगितलं ते लिहिलं गेलं. बाटलीच्या लेबलावर लोखंड, आर्सेनिक, सल्फेट किती टक्क्यांपर्यंत असू शकतं त्याची यादी छापलेली असते. पूर्वी ती यादी मी कधी वाचली नसती. ह्या ॲसिडाचा कपातला प्रयोग केला तेव्हा चहा चहाच राहिला.

गंज काढायला ऑक्झॅलिक ॲसिड. हे पांढरं, साखरेसारखं दिसतं आणि पोटात गेलं तर विष आहे, म्हणून डबा स्वयंपाकघरापासून लांब, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहून, कपाटाला कुलूप. भुकटी मोजताना तोंडावर मास्क. गंज दोन दिवसांत सुटला, पाणी हिरवट पिवळं झालं, मी खूश. वाळल्यावर सगळ्यावर पांढरी पिठी! पुन्हा पाण्याने घात केला होता. बोअरच्या पाण्यातला चुना आणि ऑक्झॅलिक मिळून कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होतं, ते पाण्यात विरघळत नाही. बहुतेक मूतखडे ह्याच पदार्थाचे असतात. माझ्या गारगोटीला मूतखडा झाला म्हणा ना.

तो घालवायला परत हायड्रोक्लोरिक, ह्या वेळी एलआरचं, आणि पाणी डिस्टिल्ड. बॅटरीवाल्याकडच्या कॅनवर विश्वास ठेवण्याआधी त्याचा एक थेंब काचेवर वाळवून बघितला; कडेला पांढरी रेघ उमटली नाही तेव्हा घेतलं. बोअरच्या थेंबाने खडूने काढल्यासारखं वर्तुळ सोडलं होतं. मग आठवडाभर रोज डिस्टिल्ड पाणी बदलत दगड भिजत ठेवला, शेवटच्या पाण्याचा थेंबही काचेवर वाळवून पाहिला.

गारगोटी आता छान दिसते. सुयांच्या जागी खड्डा आहे. पिवळ्या ॲसिडाची बाटली अर्धी उरली होती. ती शेवटी, ब्लीचिंग पावडर नाही ना हे आईला विचारून, नोंदवहीत लिहिलेल्या कामालाच वापरली.