ड्रायव्हर शुद्धीत आहे, पण बाकीच्यांचं काय?

फोर्थ ऑफ जुलै जवळ आला की आमच्या अटलांटाच्या मराठी ग्रुपवर जवळच्या लेक लेनियर तलावावर जायचे प्लॅन सुरू, पोंटून (सपाट डेकची मोठी बोट) कोण बुक करणार, वडापाव कोणाकडे, बिअरचे कूलर किती. मग कुणीतरी विचारतं, न पिणारा ड्रायव्हर कोण? एक बकरा सापडला की विषय मिटला, बाकीचे प्यायला मोकळे.

मला हे पटतच नाही. ड्रायव्हर शुद्धीत पाहिजे यात वादच नाही, २०१२ मध्ये याच लेनियरवर दारू प्यायलेल्या एकाने पोंटूनवर बोट घातली आणि ९ आणि १३ वर्षांचे दोन सख्खे भाऊ गेले, त्यानंतर २०१३ ला आमच्या जॉर्जिया राज्याने बोट चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.१० टक्क्यांवरून ०.०८ वर आणली, गाडीला आहे तीच. पण गाडीत मागे बसून ढोसणारा गाडीतून पडत नाही हो, बोटीतून पडतो!

होतं कसं तर बोट बंद करून सगळे निवांत बसलेले असतात, एखादे काका मागचं गेट उघडून मोटरपाशी उभे राहतात, कशाला ते कळलंच असेल, तेवढ्यात बाजूने कुणाची तरी स्पीडबोट जाते, तिच्या लाटेने पोंटून हलतं आणि काका पाण्यात. दिवसभराचं ऊन, वारा, इंजिनचा आवाज यानेच माणूस गळालेला असतो, त्यात बिअर, मग पाण्याखाली वर कुठे नि खाली कुठे हेच कळत नाही. आणि लाइफ जॅकेट? सीटखाली, वर पिशव्या ठेवलेल्या.

यूएस कोस्ट गार्डचे २०२३ चे आकडे बघा, बोटिंगमध्ये ५६४ मृत्यू, मरणाचं कारण कळलं त्यातले ७५ टक्के बुडून, आणि त्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांनी जॅकेट घातलंच नव्हतं. जीवघेण्या अपघातांच्या माहीत असलेल्या कारणांत दारू पहिली. आणि आपले लोक लेनियरमध्ये भुतं आहेत म्हणे, त्याचे व्हिडिओ फॉरवर्ड करत बसतात 😄

आम्ही आता कूलर गाडीतच ठेवतो, बोट परत दिली की काठावर ग्रिल लावायचं आणि मग काय प्यायची ती प्या. एकदोघं कुरकुरतात, कुरकुरू देत. आणि जॅकेट स्वतःचं घ्या राव, भाड्याची जाड असतात, वास मारतात, म्हणून कुणी घालत नाही.